लंडनची पाहुणी

१

दुबईच्या बर दुबई भागात, खोरीजवळच्या, म्हणजे खाडीजवळच्या, गल्लीत माझी खाणावळ होती. पाटी नव्हती. रत्नागिरीकडचा नाहीतर मुरूड-श्रीवर्धनकडचा कुणी माणूस लाँचमधून उतरला आणि तांदळाची भाकरी कुठे मिळते म्हणून त्याने विचारलं, की लोक त्याला माझ्या दाराशी आणून सोडत. हलिमाखालाचं घर. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण कालवणात चिंच किती घालायची हे मला कुणी शिकवायचं नाही. माझ्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही आणि आलेल्याला मी कधी 'जा' म्हटलं नाही. ही फुशारकी आहे म्हणाल तर आहे. पण खरी आहे.

दुपारची शेवटची पंगत उठली की मी भांडी भिजत घालायची, दाराला आतून अडसर लावायची आणि अंगणातली वाळू खराट्याने सारखी करायची. नवरा पडवीत बाजेवर पडलेला असायचा. खैरुद्दीन. नवऱ्याचं नाव घेते मी, ज्याला खटकेल त्याने कान झाकावेत. लाँचच्या इंजिनांचा मिस्त्री होता तो. डिझेलच्या धुराने त्याची छाती गेली होती, आणि उन्हाळ्यात तो खोकायला लागला की बाजेचे सगळे दोर त्याच्याबरोबर कुरकुरायचे. त्या आवाजावर मी झाडायची. सवयच झाली होती.

सदुसष्ट सालचा जुलै होता. खराटा मारत मी मागच्या भिंतीपाशी आले आणि थांबले.

भिंतीवर सावली पडली होती. एक जाड फांदी, तिला बारीक फांद्या, त्यांना पानं. वारा नव्हता, तरी पानं हलत होती.

माझ्या अंगणात झाड नव्हतं. शेजाऱ्यांकडेही नव्हतं. आमच्या गल्लीत हिरवं असं काही असेल तर ते मशिदीचं दार.

कुणाची तरी फाटकी जाळी वाळत असेल, म्हणून मी जिना चढून गच्चीवर गेले. पाय भाजत होते. चारी बाजूंना मातीच्या गच्च्या, घरात वारा ओढणारे मनोरे, पलीकडे खोरीचं चकाकतं पाणी. जाळी नाही, चादर नाही, कावळासुद्धा नाही. खाली उतरले तर सावली तिथंच होती.

"काय शोधतेस गो?" खैरुद्दीन बाजेवरून म्हणाला.

"तुमचं डोकं. झोपा."

असरची बांग झाली आणि सावली गेली.

२

आता लंडनचं सांगायला हवं. एरवी मी सांगितलं नसतं असं नाही. मी ते सगळ्यांनाच सांगत असे.

आदल्या साली एका इंग्रज इंजिनियरची बायको बाळंतपणासाठी मायदेशी जाणार होती. थोरली मुलगी जेनी, सहा वर्षांची, माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खायची नाही. मॅडम म्हणाली, हलिमा, तू चल. मी म्हटलं, यल्ला, चला. खैरुद्दीन म्हणाला, खाणावळ कोण बघेल? मी म्हटलं, तुम्ही. बहारीनला विमान बदललं, मी खिडकीशी बसले आणि खाली ढग पाहिले. आमच्या किनाऱ्यावरची लंडन पाहिलेली पहिली बाई मी. गल्लीच्या तोंडाशी राहणारी अजरा, मुरूडची, तिला हे पटायचं नाही. "मुंबईला जाऊन आली असेल आणि लंडन म्हणून सांगतेय," असं ती पाण्याच्या गाढववाल्यालासुद्धा सांगायची.

राणीच्या राजवाड्यासमोर एक बाग आहे. तिचं नाव एका संताचं आहे, पण मॅडमसारखं ते मला म्हणता येत नाही, म्हणून मी लंडनची बाग म्हणते. फार जुनी. पूर्वी राजे तिथे हरणं पाळायचे म्हणे. आता दारावर शिपाई नाही, कुणी कुठली म्हणून विचारत नाही. मधे तळं, तळ्यावर पूल, आणि चोचीखाली पिशवी लोंबणारे पांढरे पक्षी, माणसाएवढे आखडू. हिरवळीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी खुर्च्या, त्यांत माणसं उन्हाकडे तोंड करून बसलेली. तळ्याकाठी एक लाकडी बाक होता. तो माझा. रोज दुपारी जेनीला घेऊन मी तिथे जाऊन बसायची. पायाखाली खडी वाजायची. पाऊस येऊन गेला की बाकाच्या ओल्या लाकडाचा आणि गवताचा मिळून एक वास यायचा, थंडगार. माझ्या आईने जन्मभर चुलीपुढे पाट सोडला नाही आणि मी, तिची लेक, राणीच्या दारासमोर पाय लांब करून बसले होते. टोपी घातलेले साहेब बाजूने जात आणि मी पाय मागे घेत नसे.

शेवटच्या दिवशी निघताना मी फाटकाशी थांबले. आमच्यात एक रीत आहे. कुणाच्या घरी बसलो-उठलो, पाणी प्यायलो, की निघताना उंबऱ्यावर म्हणायचं, आता तुम्ही या आमच्याकडे. न म्हणता निघाली ती बाई वळणाची नव्हे. मी तर अख्खा उन्हाळा त्या बागेत बसले होते, तिच्या नळाचं पाणी प्यायले होते. मी मागे वळले आणि मोठ्याने म्हटलं,

"बरं का, मी रोज आले. आता तुम्ही या. दुबईला, हलिमाचं घर कुणीही दाखवेल."

जेनीला माझं बोलणं समजायचं. ती खिदळली. "हलिमा! पार्क्स डोन्ट कम टू पीपल्स हाउसेस!"

"तुमच्या येत नसतील," मी म्हटलं.

३

सावली रोज येऊ लागली. दुपारच्या जोहरच्या आणि असरच्या नमाजांमधे, दाराला अडसर लागल्यावर. पहिल्यांदा एक फांदी होती, मग दोन झाल्या, मग भिंत भरली आणि सावली वाळूवर उतरली. मी त्यावरून खराटा फिरवला. वाळू सारखी झाली, सावली हलली नाही.

मी भोळी बाई नाही. रॉकेलच्या स्टोपुढे सकाळपासून उभी राहते, डोळ्यांपुढे काहीही येऊ शकतं. हवा एवढी दमट, वास कुठचे कुठे जातात. कानात स्टोचा फरफर आवाज बसलेला असतो, तो पाण्यासारखा वाटू शकतो. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं. आणि मग अंगणातून कुणीतरी चालत गेलं.

अंगणात वाळू होती. वाळूवर पाय वाजत नाही. हे पाय खडीवर वाजत होते, बुटांचे, सावकाश, फिरायला निघालेल्या माणसाचे. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात गेले. वाळूवर ठसा उठला नाही.

पडवीतून खैरुद्दीन म्हणाला, "पाणी शिंपडलंस काय?"

"पाणी गाढवावरून येतं. शिंपडायला काय माझ्या बापाची विहीर आहे?"

"गार वाटतंय."

मलाही वाटत होतं. पाठोपाठ वास आला. ओलं गवत, आणि त्याच्याखाली ओलं लाकूड. जगात लाकडं पुष्कळ आहेत, पण ज्या बाकावर मी अख्खा उन्हाळा बसले त्याचा वास मला कळणार नाही?

माझ्या अंगावर काटा आला. तो आला हे मी नाकारत नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरं काय आलं तेही सांगते. मी खराटा भिंतीला टेकवला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हटलं, "आलात? या. बसा."

शेखांच्या घरी शेख येतात. इंग्रजांच्या घरी इंग्रज. माझ्या घरी लंडनची बाग आली होती.

४

पाहुण्याला पहिल्या दिवशी गोड. मी सांदणं केली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, गूळ. वाफेला बरोबर फुगली. ताटलीत घालून सावलीच्या कडेशी ठेवली आणि मी स्वयंपाकघरात गेले, कारण पाहुणा खात असताना तोंडाकडे बघत बसू नये.

असरला बाहेर आले तर ताटली तशीच. सांदणं तशीच, एकही कमी नाही, मुंगीही लागलेली नाही. वाया कशाला घालवा म्हणून मी एक तोंडात टाकलं. काही नव्हतं. गूळ नव्हता, नारळ नव्हता, तांदूळसुद्धा नव्हता. भिजलेला कापूस चावल्यासारखं. मी थुंकले आणि बाकीची खोरीत टाकून आले.

खाल्लं म्हणजे पाहुणीने. तिची खायची रीत तशी. मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की तिने माझ्या हातचं नाकारलं नाही.

थंडावा लपत नाही. आठवडाभरात खाणावळीतली माणसं जेवून उठेनाशी झाली. वली नावाचा एक पोरगेला माणूस होता, दाभोळचा, इंग्रजांच्या बँकेत शिपाई. तोंडाने वात्रट. तो पडवीत चटईवर पसरला आणि म्हणाला, "खाला, मशीन कुठे लपवलंय? आमच्या मॅनेजरच्या केबिनमधे आहे तसलं? ते खडखड करतं, तुमचं तर गप्प आहे."

"तुझ्या सासऱ्याने पाठवलंय. हुंडा म्हणून."

"मग मी इथेच राहतो. हुंडा माझाच की!"

अजरासुद्धा आली. हातात पंखा घेऊन आली, पाच मिनिटांत तो खाली ठेवला. "गार आहे हो खरं," ती म्हणाली. "पण यात लंडन कुठे आलं? तुला काय, खोरीवरून झुळूक आली तरी लंडनच."

तेवढ्यात भिंतीकडून पाण्यावरच्या पक्ष्यांचं भांडण ऐकू आलं, अगदी जवळ, पंख फडफडून. अजराचा चहा तिच्याच मांडीवर सांडला.

"आता?" मी विचारलं. "ही खोर बोलली काय?"

अजरा मांडी झटकत उठली. त्या दिवसानंतर पाण्याच्या गाढववाल्याला ती सांगू लागली की आमच्या हलिमाच्या घरात विलायतेची हवा आहे. मला दुसरं काय हवं होतं?

एक गोष्ट मात्र मी पाहिली. पडवीत कितीही माणसं बसली तरी सगळी भिंतीकडे पाठ करून बसत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वलीसुद्धा, बोलता बोलता त्याची मान तिकडे वळली की अर्ध्यातच थांबायची, आणि तो दुसरं काहीतरी बोलायला लागायचा.

भिंतीकडे तोंड करून एकच माणूस पडायचा. खैरुद्दीन.

५

त्याचा खोकला थांबला होता. कितीतरी वर्षांनी तो दुपारी गाढ झोपला, तोंड किंचित उघडं, लहान पोरासारखा. मी पाहुणीचे मनोमन आभार मानले. हकीम झाले, इस्पितळ झालं, कुणाला जमलं नव्हतं ते तिने केलं.

मग एका दुपारी माणसं गेल्यावर मी भांडी आवरून आले तर बाज रिकामी.

दाराला आतून अडसर होता. मी मोरीत पाहिलं, गच्चीवर पाहिलं, कोठीत पाहिलं. हाका मारल्या. आमचं घर काही राजवाडा नव्हे की माणूस हरवेल. मी अडसराकडे बघत उभी राहिले, आणि माझं डोकं, जे इतकी वर्षं कधी कुणापुढे थांबलं नाही, ते थांबलं.

असरच्या वेळी तो मागच्या भिंतीकडून चालत आला. अनवाणी. तळव्याला गवताची पात चिकटलेली, ओली.

"कुठे होतात?"

"जरा बसून आलो."

"कुठे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही खुळ्यासारखं विचारतेय. "तुझ्या बाकावर," तो म्हणाला. "खोटं बोलत नव्हतीस गो तू. फार चांगली जागा आहे."

मला राग यायला हवा होता, भीती वाटायला हवी होती. पण वर्षभर लंडनचं वर्णन ऐकून 'असेल, असेल' म्हणणारा माणूस आज म्हणत होता की तू खोटं बोलत नव्हतीस. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "पक्षी पाहिलेत? पिशवीवाले?"

तिथे मी चुकले.

६

तो रोज जाऊ लागला. रोज परत येई, पण सगळा परत येत नसे.

आधी मिठाचं झालं. एका दिवशी गडबडीत कालवणात मीठ दोनदा पडलं. सगळी पंगत ओरडली, वलीने तर उठून नाचून दाखवलं. खैरुद्दीनने ताट पुसून खाल्लं. "चांगलं झालंय," म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याला अळणी वाढलं. "चांगलं झालंय."

मग माणसं त्याच्या ध्यानातून गेली. वलीला तो विचारायचा, तू कुणाचा? लाँचच्या मालकाचं नाव आठवेना. अन्वरी, आमची एकुलती लेक, बाणकोटला दिलेली, तिचा निरोप आला की तिला मुलगा झाला. मी नाचायची बाकी होते. खैरुद्दीन म्हणाला, "कोण अन्वरी?" आणि मग माझं तोंड पाहून, "हां, हां," म्हणाला. तो 'हां, हां' माझ्यासाठी होता. त्याला काही आठवलं नव्हतं.

आणि बाज. मी स्वयंपाकघरात पाठमोरी असताना तो येऊन बाजेवर बसला आणि मला कळलं नाही. वळून पाहिलं तर तो बसलेला. मी म्हटलं, जरा उठा, चादर झटकते. तो उठला. बसा म्हटलं. तो बसला. एक दोर वाजला नाही. दोर खाली गेलासुद्धा नाही. मी त्याला उगाच उठवत बसवत राहिले आणि तो मुकाट्याने उठत बसत राहिला.

सांदणांची चव माझ्या जिभेवर आली. म्हणजे न-चव.

त्या रात्री मी म्हटलं, "उद्यापासून जायचं नाही."

"कुठे?"

"तिच्याकडे."

"तूच बोलावलंस ना तिला?" तो शांतपणे म्हणाला. भांडायला तरी यावा, तेही नाही. "पाहुण्याच्या सोबत बसायला नको? तू तर दिवसभर चुलीपुढे."

मी अजराकडे गेले. ज्या बाईपुढे मी कधी मान खाली घातली नाही तिच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने दाराचा पडदा ओढला.

"हाकल तिला," ती म्हणाली.

"पाहुणी आहे."

"असू दे."

"माझ्या दारातून आजवर कुणाला..."

"ठाऊक आहे गो, सगळ्या दुबईला ठाऊक आहे," अजरा म्हणाली. "मग नवरा दे. दोन्ही कसं ठेवशील?"

मी घरी आले. बोलावून आणायचं आणि हाकलायचं? माझ्या बापाने भर दुष्काळात दारी आलेल्या वाटसरूला स्वतःचं ताट दिलेलं मी पाहिलंय. मी दोन दिवस खैरुद्दीनचा हात माझ्या ओढणीला बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी असरला ओढणीची गाठ तशीच होती आणि आत मनगट नव्हतं.

७

शुक्रवार होता. नमाज करून सगळी माणसं जेवायला आली होती, आणि जेवून पडवीत पसरली होती, भिंतीकडे पाठ करून. अजराही होती. मी तिला मुद्दाम बोलावलं होतं, सोबतीला. मी कढई खरवडत होते. पक्षी ओरडले, आणि मग एकदम गप्प झाले.

बाहेर आले. बाज रिकामी.

भिंत नव्हती असं सांगणं सोपं आहे. भिंत होती. पण लांब होती. फार लांब, शेताच्या पलीकडचा बांध दिसावा तशी. आणि तिच्या आणि माझ्या मधे हिरवळ होती, आणि तळं होतं, आणि ते पट्ट्यांच्या कापडाच्या खुर्च्यांनी भरलेलं मैदान. खुर्च्यांत माणसं. सगळी पाठमोरी. टोप्या, केस, खांदे. कुणी बोलत नव्हतं. आणि खुर्च्यांचं कापड ताठ होतं. माणूस बसला की कापड खाली झोळीसारखं येतं, मी अख्खा उन्हाळा पाहिलंय. यांचं एकाचंही आलेलं नव्हतं.

माझ्या बाकावर खैरुद्दीन होता. एका कडेला सरकून बसलेला. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्याने तळहात ठेवला होता.

"अहो," मी म्हटलं. मग मी त्याला नावाने हाक मारली, पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट.

तो वळला नाही. पण पुढच्या खुर्चीतलं एक डोकं वळू लागलं. सावकाश, घाई नसल्यासारखं. मी ते तोंड पाहिलं नाही. कानापर्यंत पाहिलं. कानाच्या पुढे जे सुरू होत होतं ते मी पाहिलं नाही, कारण मी धावले आणि डोळे फक्त नवऱ्याच्या मनगटावर ठेवले.

धरलं. हातात काही धरल्यासारखं वाटत नव्हतं. ओल्या कागदाचं वजन. मी ओढलं, आणि मागे पाऊल टाकता टाकता, इतक्या वर्षांत जे या तोंडून निघालं नव्हतं ते मी गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले.

"ऊठ! चालती हो माझ्या घरातून! माझ्या हातचं खाल्लंस, माझ्या सावलीला बसलीस, आता माझा माणूस खातेस? शरम नाही? खलास! चालती हो! पुन्हा दाराशी दिसलीस तर झाडूने मारीन!"

भट्टीचं दार उघडावं तसं ऊन कोसळलं. मी मागच्या भिंतीपाशी होते, माझी पाठ चुन्याला लागून सोलवटली होती. हातात खैरुद्दीनचं मनगट, जाड, घामेजलेलं, त्यावर इंजिनाने भाजल्याचा डाग. तो खाली बसला आणि खोकायला लागला. जीव जाईल असा खोकला. मी त्याची पाठ चोळत राहिले.

मान वर केली तर पडवीतली माणसं उभी होती. चपला घालत होती.

"आम्ही जातो, खाला," वली म्हणाला. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"तुला नव्हते म्हणत मी!"

अजरा पुढे आली. "सोबतीला म्हणून बोलावलंस," ती म्हणाली, "आणि तिला म्हणायचं ते चार परक्या पुरुषांपुढे तोंड माझ्याकडे करून म्हणालीस, चालती हो. झाडूने मारीन म्हणालीस."

"अगं तुला नाही, तिला..." मी भिंतीकडे बोट केलं.

सगळ्यांनी पहिल्यांदाच भिंतीकडे पाहिलं. कोरडी भिंत. चुना उडालेली.

ती गेली. सगळी गेली. हलिमाने जेवल्या माणसांना हाकललं, हे मगरिबची संध्याकाळची बांग व्हायच्या आत खोरीच्या पलीकडे देऱ्यापर्यंत पोचलं होतं.

८

माणसं परतली. पोट परत आणतं. वली आधी आला, दारात उभा राहून म्हणाला, "येऊ ना, खाला? नक्की?" अजरा आली नाही. अजून बोलत नाही. नाव जायचं ते गेलं, आणि मला त्याची खंत नाही असं मी सांगणार नाही. पण खैरुद्दीन बाजेवर आहे. कालवण खारट झालं की ताट सरकवतो. अन्वरीच्या पोराचं नाव काय ठेवावं यावरून त्याने माझ्याशी दोन दिवस भांडण केलं. मी जिंकले. मी माझा माणूस ओढून आणला, एकटीने, दोन हातांनी. अशी बाई दाखवा.

दुपारी मी त्याला एकटं पडू देत नाही. मासळी साफ करायला बसवते. एके दिवशी अजमानहून मोठ्या सुरमया आल्या होत्या. मी विळीवर, तो समोर खवले काढत.

"राग आहे का माझ्यावर?" मी विचारलं.

"कशाचा?"

"ओढून आणलं त्याचा. तुम्हाला तिथे राहायचं होतं."

त्याने सुरी थांबवली. "मला?" तो म्हणाला. "मला कोण विचारतंय गो तिथे? मी जागा धरून बसायचो. उठलो तर दुसरं कुणी बसेल म्हणून."

"कुणाची जागा?"

"तुझी." तो पुन्हा खवले काढू लागला. "ती पाठमोरी माणसं रोज विचारायची. तोंड न वळवता. हलिमा कधी येते? काम आटोपलं का तिचं? सगळी तुझ्यासाठीच आलेली होती. मी सांगायचो, येईल, चूल सोडवत नाही तिला."

माझ्या मानेच्या मागे, जिथे ओढणी संपते तिथे, थंड लागलं. मी भिंतीकडे पाहिलं नाही. मला ठाऊक आहे की मी त्या वेळी उठून दाराचा अडसर काढायला हवा होता, बाहेर उन्हात, माणसांत जायला हवं होतं. निदान अल्लाचं नाव घ्यायला हवं होतं.

पण राणीच्या राजवाड्यासमोरची ती साहेबलोकं. समुद्र ओलांडून आलेली. रोज येऊन बसलेली. माझी वाट बघत.

मी पुढची सुरमई विळीवर घेतली. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"किती जण होते?" मी विचारलं.